टुंग

लक्ष्मीपुरीत, धान्यबाजाराच्या मागच्या बोळात,
बाबालाल मुल्लांच्या प्रेसमध्ये मी पत्रिका जुळवतो.
लग्नं, बारशी, वास्तुशांती, दुकानांची बिलबुकं,
आणि दिवसाकाठी एखादं दुःखद.

कॉम्प्युटर सेकंडहँड, इचलकरंजीच्या
कुठल्याशा सूतगिरणीतून आलेला.
सकाळी बटण दाबलं की आधी घसा खाकरणारा पंखा,
मग एकदम खणखणीत चार सूर,
आत कुणाचं तरी हळदीकुंकू असल्यागत.
चाचा म्हणायचे, असू दे,
शटर उघडल्याचं गल्लीला कळतं.

त्या मंगळवारी हौसाबाई गवळी आल्या.
गंगावेशीत कट्ट्यावर समोर धार काढून
पेला भरून देणारे ते तातोबा, त्यांच्या मंडळी.
पदराच्या गाठीत पासपोर्ट फोटो. कागद नाही.
"तोंडानं सांगतो मी, तू लिही."

कैलासवासी, लिहिलं.
"तातोबा ज्ञानू. ज्ञ जुळतोय न्हवं तुझ्यात?"
जुळतोय, म्हटलं, आणि तेवढ्यात
कोपऱ्यातून पिवळी पट्टी सरकत वर आली, टुंग,
आपले संरक्षण संपले आहे.
एवढं मराठी कुणी शिकवलं त्याला, देव जाणे.
हौसाबाई चौथी शिकलेल्या.
काचेवर बोट ठेवत, अक्षर अक्षर लावत वाचलं.
"खरं हाय," म्हणाल्या.

मी पट्टी घालवली, पुढची ओळ घेतली.
दहावा पंचगंगा घाटावर. टुंग. शाई कमी.
शोकाकुल, मुलगा. टुंग. नवी आवृत्ती तयार.
सून, नातवंडं, टुंग, टुंग,
देवळातल्या घंटेला पोरगं लोंबकळावं तसं.
मी त्यांच्याकडं बघितलंच नाही.

संध्याकाळी शटर अर्धं ओढून बसलो.
कंट्रोल पॅनल, त्यात साउंड, त्यात ही लांब यादी:
चूक झाल्यावर वाजणारा, चूक व्हायच्या आधीच वाजणारा,
पेनड्राइव्ह घातल्याचा, काढल्याचा,
कचरापेटी रिकामी केली की कागद चुरगाळल्याचा.
एकेकाला धरून 'काही नाही' केलं.
सकाळचे चार सूर शेवटी.
चौकटीतली खूण काढली, परत केली,
परत काढली.

यूपीएस मात्र ऐकेना, त्याला सेटिंगच नाही.
लाइट गेली की पिलागत चिवचिव.
खोललं. आत शर्टाच्या बटणाएवढा काळा बझर,
त्याच्या भोकावर एम-सील दाबलं.
आठवड्यानं त्यानं सूड घेतला. मुकाट्यानं मेला,
आणि कसबा बावड्याच्या एका लग्नाची अख्खी पत्रिका
मामा-मावश्यांसकट घेऊन गेला.
चाचा दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत,
तो आवाज मला बंद करता आला नाही.

महिन्यानं हौसाबाई उरलेले वीस रुपये द्यायला आल्या.
"मिशीन मुकं झालं व्हय रं?"
म्हटलं, मी केलं.
मग पिशवीतून तातोबांचा मोबाइल काढला,
बटणांचा, पाठीला रबरबँड लावलेला.
"ह्यो रोज पावणेचारला बोंबलतोय.
म्हसरं इकली. आता कुणाला उठवतोय?"

गजर शोधला. एकच होता, रोजचा,
आणि नावाच्या जागी, पुढचं टायपायला जमलं नसेल,
नुसता 'म'.
अंगठा 'बंद'वर नेला तर मनगट धरलं त्यांनी माझं.
पकड अजून धारेची.
"दाबू नगं. कुठं हाय तेवढं दाव.
मी दाबतो की, कवातरी."

दाखवलं. तीनदा. चौथ्यांदा त्या एकट्या गेल्या,
'बंद'पर्यंत, आणि तिथनं मागं फिरल्या.
रबरबँड नीट बसवलं. वीस रुपये
माउसखाली सरकवले. दारात थांबून म्हणाल्या,
"ज्ञानूचा नू तू आखूड केलास बघ पत्रिकेत."

फाइल उघडून बघितली. खरंच आखूड होता.
त्या दिवशीच्या एवढ्या टुंगांत
एकही त्याच्यासाठी वाजला नव्हता.